पिंपळी टाळून इंदापूर

पुण्याहून निघताना बायकोला सांगितलं, इंदापूरला मित्राच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. पाप धुवायला निघालेल्या माणसाने उंबऱ्यातच आणखी एक केलं. पण खरं सांगायची सोय नव्हती. पापाच्या मुळाशी तीच होती.

तीस वर्षांपूर्वी मी बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) होतो. तोडीची पाळी पिंपळीच्या दत्तूतात्यांची होती. ती मागे ढकलून मी दुसऱ्याच एका बागायतदाराचा ऊस आधी नेला, कारण त्याची मुलगी मला हवी होती. मुलगी मिळाली. तात्यांच्या उसाला मात्र तुरा आला, वजन घटलं. ते जाब विचारायला आले, तेव्हा मी बायबलवर हात ठेवून म्हणालो, "यादी वरूनच आली."

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर पुढे आली की मला हटकून खोकला येतो आणि मी बाहेर जातो.

इंदापुरात मला कुणी ओळखत नव्हतं. तोंड काळं करून आलेल्याने माफी परगावी मागितलेली बरी. बारामतीला एसटी बदलली. ती उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडली, तीही नेमकी पिंपळीच्या फाट्यावर. मी सीटखाली डोकं घातलं.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काय हारवलं, दादा?"

"चप्पल."

"दोनी पायातच हायेत की!"

इंदापुरात उपासना संपली होती. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) सतरंजी गुंडाळत होते. मी एका दमात सगळं ओकलो. वर म्हणालो, "पण साहेब, बायको मिळाल्याचा पश्चात्ताप काही होत नाही."

ते हसले. "बायकोचा कोण मागतंय? खोटेपणाचा होतोय ना?"

"होतोय," म्हणालो. गुंडाळलेली सतरंजी त्यांनी पुन्हा पसरली. आम्ही दोघांनी गुडघे टेकले. मी लहान मुलासारखा रडलो.

"ख्रिस्ताने हे पाप केव्हाच वधस्तंभावर वाहिलंय. माफी झाली," ते म्हणाले. "पण पिंपळी वाटेतच लागली असेल ना? जाताना उतरा."

आधी स्टँडजवळ उजनीची चिलापी (गोड्या पाण्यातला मासा) आणि दोन भाकऱ्या चापल्या. माफ झालेल्या माणसाला भूक फार लागते.

पिंपळीला उतरलो, तेव्हा तात्या गोठ्याजवळ वैरण टाकत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तात्यांनी वैरणीची पेंढी संपवली, हात झटकले आणि घरात हाक दिली, "च्या टाका गं!" मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

"तात्या, देवाने माफ केलं. आता तुम्ही…"

"तुमच्या देवाचं काय जातंय? त्याच्या उसाला तुरा आला न्हवता." कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "खरं बोललास, बरं झालं. माफीचं मला अजून जमंना. च्या घे, गार व्हईल."

चहा गोड होता, मी तो संपवला. वाईट वाटलं, फार वाटलं. पण सकाळी मिळालेलं काही तात्यांच्या नकाराने कमी झालं नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं. कृपा फुकट असते हे प्रवचनात शंभरदा ऐकलं होतं. त्या गोठ्यापाशी ते पहिल्यांदा पटलं.

परतीच्या एसटीतून बायकोला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "घरी या, बघते." फोन बंद झाला.

मी डोळे मिटले. प्रभू, तू माफ केलंस, ते मला पोचलं. या दोघांना मात्र माफीची घाई करू नकोस.