आबांच्या नावापुढचं बटण

"ॲपच्या सेटिंगमध्ये कुठलं बटण कुठं ठेवायचं ते मी ठरवते" असं सांगितलं की समोरचा हसतोच. हसोत बापडे! कुपवाडला आमच्या कारखान्यात या बटणांनी एवढे किस्से दिलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

आम्ही शेतीपंपाचे स्टार्टर बनवतो. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायचं ॲप मी केलं, तेव्हाच मालक, म्हणजे दादा, बोलले, "मिरजेच्या डीलर मेळाव्यात बाहेरच्या माणसानं कुणाला न विचारता चालवलं तर ॲप ठेवू. न्हाईतर ॲप बंद, आन् तुमी दुसरी नोकरी बघा."

झोपच उडाली माझी!

*

ॲप तपासायला दादांचे चुलते, आबा. रिटायर सुभेदार, चार एकर ऊस.

मी प्रत्येक बटणाचं नाव बटणाखाली दिलं होतं. आबांना मेसेज बंद करायचे होते. त्यांनी 'मेसेज' वाचलं आणि त्याच्या खालचं बटण दाबलं. ते निघालं 'आपोआप चालू'चं. वीज आली, मोटर सुरू, उसात दिवसभर पाणी!

"पोरी, पाटी दाराच्या वर असती का उंबऱ्याखाली?"

नावं हलवली.

*

मग नाव डावीकडं, बटण उजवीकडं. आबा नावावरच बोट दाबत बसले.

"हजेरीत नाव घेतलं की जवान ओ द्यायचा. हितं कोण बोलंना!"

त्या दिवसापासून आमची अख्खी ओळ ओ देते. कुठंही दाबा!

*

माझ्या हाताखालच्या सचिनला खाली 'सेव्ह'चं बटण हवंच होतं. "मोठ्या ॲपमध्ये असतं, मॅडम!"

आबांनी 'आपोआप चालू' बंद केलं आणि वाईला लग्नाला गेले. सेव्ह दाबायचं राहिलं. परत पाणी!

"लाईटचं बटण दाबल्यावर भिंतीला जाऊन सांगतो व्हय रं, की खरंच बंद कर म्हणून?"

सेव्ह उडालं. मी त्या दिवशी सगळ्यांना भडंग खाऊ घातलं.

*

आणि मेळावा! आबांच्याच शेतातली मोटर ॲपला जोडलेली, मोठ्या पडद्यावर ती मोटर थेट दिसत होती. डीलर हाताची घडी घालून बसलेले. पुढं यायला कोणी तयार नाही. मी माझा फोन पुढं धरून उभी.

मागच्या रांगेतून आबांची मंडळी उठली. गुडघा दाखवायला मिरजेला आलेल्या काकू. ॲप त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

"द्या हिकडं."

मोटर लावली. टाळ्या! काकूंनी फोन मात्र सोडला नाही. सेटिंग उघडलं. 'मोटर कोण चालवू शकतं?' खाली नावं. आबांच्या नावाची ओळ दाबली, बटण बंद झालं. कुणाला एक शब्द विचारला नाही!

आबा छाती काढून उठले. "आता मी बंद करून दावतो." स्वतःच्या फोनवर दाबलं. परत दाबलं.

"पोरी, तुझं ॲप बिघडलं!"

दादांचा चेहरा उतरला. काकूंनी पदर सावरला.

"बिघडलं न्हाई, लय झ्याक चालतंय. परवा तुमी मोटर लावून पारावर गप्पा हाणत बसला, माझी मेथी वाहून गेली."

सगळा हॉल हसतोय, दादा टेबलावर हात आपटून ओरडतायत, "ॲप ठेवलं!" आणि मला रडू फुटलेलं.

तेवढ्यात आबा माझ्या कानाशी आले.

"पोरी, ते परत चालू कसं करायचं?"

"काकूंना विचारा, आबा."