पडद्यावरचे पिवळे ठिपके

रेल्वेत ड्रायव्हर असताना मी साहेबाला कधी भ्यालो नाही, डोळ्यांच्या मेडिकलला मात्र भ्यायचो. त्यात नापास झालेला माणूस इंजिनावरून उतरून थेट ऑफिसात फायली उचलायला. मी दरवेळी पास झालो. म्हणून रिटायर झाल्यावर दौंडहून पुण्याला डोळे तपासायला गेलो, तेव्हाही तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि बायकोकडे ऐटीत पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, मशीनवर हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. मग स्क्रीन आमच्याकडे वळवली. केशरी पडद्यावर मधोमध बारीक पिवळे ठिपके होते.

"पर मला तर समदं दिसतंय," मी म्हणालो.

"आत्ता दिसतंय, काका. ही वयाची झीज आहे, अजून सुरुवातच आहे. पण पुढे वाढली तर कडेचं दिसत राहतं, मधलं जातं."

म्हणजे ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच जाणार. माझी पाचावर धारण बसली. तक्ता वाचून दाखवता येतो, फोटोपुढे काय शहाणपणा करणार?

त्यांनी चौकटींचा एक कागद दिला. रोज एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं. रेषा वाकडी दिसली तर लगेच यायचं, उशीर केला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही.

घरी तो कागद खिडकीशेजारी लावला. इंजिनावर आमची एक रीत असते. सिग्नल दिसला की ड्रायव्हर हात करून मोठ्यानं सांगतो, "हिरवा," आणि असिस्टंट स्वतः बघून तेच म्हणतो. एकट्याच्या डोळ्यावर गाडी हाकायची नसते. त्याच सवयीनं मी रोज सकाळी ओरडायचो, "सरळ." स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "सरळ." तेवढ्यानं धीर यायचा. मग एकदा ध्यानात आलं, की ती कागदाकडे बघतच नाही. बघितलं असतं तरी तिला रेषा सरळच दिसणार. माझ्या डोळ्यातलं बघायला दुसरं कुणी नव्हतं.

परवा उजवा डोळा झाकला, तर मधली एक रेषा किंचित वाकलेली दिसली. डोळा चोळला, चष्मा पुसला. तशीच.

"सरळ," मी म्हणालो.

"सरळ," ती म्हणाली.

तेवढ्यावर भागवता आलं असतं. दौंडात कुणाला कळणार होतं? पण कागदासमोरून पाय हलेना.

"न्हाई गं," मी म्हणालो. "वाकडी हाय."

गॅस बंद करून ती बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि एक डोळा तळहातानं झाकून कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"मला सरळच दिसतीय ओ," ती म्हणाली आणि रडायला लागली.