नारिंगीच्या शेजारचा पांढरा ठिपका

प्रयोगशाळेत सगळे तिला काकू म्हणत. समुद्राच्या गाळातले जिवाणू काचेच्या बशीत वाढवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. एका बशीत दोन जातींचे ठिपके दिसले की तिचं डोकंच फिरायचं. तारेच्या टोकानं हवा तेवढाच ठिपका उचलायचा, नव्या बशीवर रेघा ओढायच्या, आणि एकच जात उरेपर्यंत हे करत राहायचं. शिकलेल्या पोरी आल्या नि गेल्या. तो हात कुणाला साधला नाही.

त्या वर्षी एक नारिंगी ठिपका उगवला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्या तपासण्या करून सांगितलं, ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. गाळ आणला होता काकूच्या नवऱ्यानं, संशोधनाच्या बोटीवरच्या खलाशानं, आणि पुढच्याच महिन्यात तो हृदयविकारानं गेला. मॅडमनी जातीला त्याचं नाव द्यायचं ठरवलं तेव्हा काकूला हुंदका आवरेना. जन्मभर ज्याला लोकांनी 'ए दोरवाल्या' म्हणून हाका मारल्या, त्याचं नाव छापून येणार होतं! अट एकच, दोन देशांतल्या जिवाणू-संग्रहांत शुद्ध आणि जिवंत नमुना पोचायला हवा.

आता शुद्ध म्हटल्यावर काकू गप्प बसते होय? नारिंगीच्या कडेला एक पांढरा ठिपका कायम चिकटलेला. मेला पाठच सोडेना. काकूही हट्टाला पेटली, आणि सातव्या खेपेला तिनं त्याला हुसकलंच. बशीत नुसते नारिंगी ठिपके उरले, जरासे रोडावलेले. मग नेमाप्रमाणे तिनं जुन्या बश्या आणि उरलेला गाळ वाफेच्या भांड्यात घालून त्यांतले जिवाणू मारून टाकले. मॅडमना विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांत कधी विचारावं लागलं नव्हतं.

पुढच्या बशीवर काहीच उगवलं नाही. गोठवलेल्या नळ्याही त्याच शुद्ध बशीतून भरलेल्या, त्यांतूनही नाही. मॅडमनी तीन आठवडे जंग जंग पछाडलं. शेवटी काकूला शेजारी बसवून म्हणाल्या, "काकू, तो पांढरा म्हणजे घाण नव्हती. त्याच्याच जिवावर नारिंगी जगत होता."

पुन्हा गाळ आणावा, तर ती जागा नव्या धक्क्यासाठी खणून काढलेली. मॅडम समजूत घालत राहिल्या, हे कुणाच्याही हातून झालं असतं. काकूला ते मुळीच पटलं नाही.

घरी मुलीनं विचारलं, बाबांचं नाव कधी छापून येणार. काकू उंबऱ्यातच खाली बसली.

"नाही यायचं गं," ती म्हणाली. "जपायचं सोडून मीच मारून टाकलं ते."