काकांचा अर्धा पासवर्ड

जगात घाबरणारी माणसं पुष्कळ असतील, पण भीती इतक्या शिस्तीत पाळणारा माणूस आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांखेरीज दुसरा नसेल. त्यांची सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिथे काडेपेटी फाटकावरच काढून ठेवायची, आणि कोठाराला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं; एकट्याने काहीही उघडायचं नाही. निवृत्त होऊन काका कोथरूडला आले ते हा कारखाना सोबत घेऊनच. गॅस ते बंद करतात, काकू तपासतात. कुरिअरचं खोकं आधी गॅलरीत ऊन खातं, मग घरात येतं. मोबाईल चार्जिंगला लावला की काका त्याच्यापासून जरा लांब, तिरके बसतात. मला लिफ्टची, फोन उचलण्याची, मीटिंगमध्ये माईक सुरू करण्याची भीती वाटते, त्यामुळे असेल, ते मला पहिल्यापासून आवडतात.

सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर जिन्यातला राउटर त्यांच्या ताब्यात आला. त्याच दिवशी त्यांनी त्याच्या पोटावरचं मॉडेल नंबरचं लेबल ब्लेडने खरवडून काढलं. "कोठारात काय आहे ते बाहेर लिहीत नाहीत," त्यांनी मला समजावलं. त्याच्या सेटिंगचा पासवर्डही कारखान्याच्या नियमाने ठेवला: पहिला अर्धा काकांचा, दुसरा काकूंचा. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. सगळी सोसायटी हसली. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर वायफाय वापरायला आता दोघांची सही घ्यावी लागेल का, असं विचारलं. काकांनी त्यावरही गंभीरपणे विचार केला.

मग काकू विसरायला लागल्या. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग माझं नाव, आणि एका दुपारी त्या घरातल्या चपलांवर फाटकाबाहेर गेल्या. बसस्टॉपवर सापडल्या, कुठली बस हवी ते न सुचून बसलेल्या. तेव्हापासून काका दुपारचे झोपत नाहीत. फाटकावरचा कॅमेरा आपल्या टीव्हीवर दिसावा, असं त्यांनी कमिटीपुढे मांडलं. कमिटीने अट घातली. फाटकापर्यंत वायर एकच जाते. तिच्यावरून कॅमेऱ्याचं जाळं आणि लोकांचं इंटरनेट वेगवेगळं ठेवता येत असेल, तरच. याला व्हीलॅन ट्रंकिंग म्हणतात, आणि आपल्या राउटरला ते जमतं का हे तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी आयटीत आहे. मी आयटीत नुसतं टेस्टिंग करते, पण नाही म्हणायचीही मला भीती वाटते.

"म्हणजे एकाच रुळावरून दारूगोळ्याचे डबे आणि प्रवाशांचे डबे," काका म्हणाले. "आणि मिसळणार नाहीत?"

"प्रत्येक डब्यावर खूण असते, काका. राउटरला ती ओळखता आली पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

मी राउटर उलटा करून त्याचं खरवडलेलं पोट पाहिलं.

लेबल असतं तर मॉडेलवरून उत्तर मिळालं असतं. आता आत शिरून सेटिंगच बघायला हवं होतं. रीसेट करावं तर सगळी जोडणी पुसली जाणार, आणि ती परत करायची माझी छाती नव्हती. पासवर्ड पुन्हापुन्हा चुकला तर राउटर आपल्याला बाहेरच ठेवेल, हेही मी सांगून टाकलं. काकांचा चेहरा उतरला. त्यांना काकूंना विचारायचीच भीती वाटत होती. विचारलं नाही तोवर काकूंना आठवत होतं.

शेवटी जिन्यात स्टुलावर लॅपटॉप मांडला. काकांनी आपला अर्धा टाकला, काकूंना खुर्चीत बसवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मीही केलं. बराच वेळ काही वाजलं नाही. मग एक कळ वाजली, थांबून दुसरी. पासवर्ड चुकला.

"अहो, माझ्यामुळे का?" काकूंनी विचारलं.

"नाही गं. माझाच अर्धा चुकला," काका म्हणाले. "या वेळी तू फक्त एंटर दाब."

मी भिंतीकडेच बघत होते. काकांची बोटं मघापेक्षा कितीतरी जास्त वेळ वाजत राहिली, न अडखळता. मग काकूंनी एंटर दाबलं आणि पान उघडलं. मी शोधत खाली गेले. ट्रंकचा पर्याय तिथे होता.

"जमलं ना?" काकू म्हणाल्या.

"तुझ्याशिवाय उघडतं का ते," काका म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

आता दुपारभर त्यांच्या टीव्हीवर आमचं फाटक दिसतं. दूधवाला, स्कूटर, पायरीवर झोपलेलं कुत्रं. मी बाहेर पडताना, आजूबाजूला कोणी नसेल तर, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. परवा काकांनी पासवर्ड बदलायला काढला. आपला अर्धा टाकून ते उठले, मला खुर्चीत बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दुसरा अर्धा मी टाकला. ते खरंच भिंतीकडे बघतायत का, हे मी वळून पाहिलं नाही.

एंटर काकूंनी दाबलं.