काकांच्या वाटणीचा भात

निर्मलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. "प्रकाश, काका गेले रे. तिकडेच, डोंगरात…" आणि लगेच त्यांनी सवयीनेच विचारलं, "तू जेवलायस ना?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. त्याला आता सात आठवडे झाले. काकूंना विचारूनच हे लिहितो आहे.

श्रीधरकाका माझे नात्याने कुणीच नव्हते. बुलढाण्याकडच्या खेड्यातून आलेला, घरात कॉलेजचं तोंड पहिल्यांदा पाहणारा मी. सिएटलला उतरलो तेव्हा फोन कसा लावायचा इथपासून त्यांनी शिकवलं. विमानाच्या कारखान्यात ते इंजिनिअर होते, सिएटलजवळ बॉथेलला घर. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की नेपाळमधलं एक वीस हजार फुटांचं शिखर चढायचं. मग सॅकमध्ये तांदळाची अख्खी पिशवी घालून ते रोज पावसात टेकडी चढू लागले. काकू म्हणायच्या, "फिरवून आणलात ना बासमती? आता शिजवू का?" शनिवारी सोबतीला मी असायचो. धाप लागली की ते थांबून मलाच विचारत, "दमलास का रे?"

यंदाच्या उन्हाळ्यात पासांग नावाचा शेर्पा आमच्याकडच्या डोंगरांवर गाइड म्हणून काम करत होता. ऑक्टोबरात तोच काकांना वर नेणार होता. त्याआधी त्याने आम्हा दोघांना माउंट रेनियरवर, दहा हजार फुटांवरच्या तळावर नेलं. आमच्याशी तो हिंदीत बोलायचा. निघतानाच त्याने सांगितलं होतं, "आदमी तो बोलेगा, मैं ठीक हूँ. मैं थाली देखता हूँ." वर ज्याची भूक मरते त्याला तो पुढे नेत नसे, निदान त्या वर्षी तरी नाही.

तळावर पोचलो तेव्हा काकांचं डोकं ठणकत होतं. पासांगने डाळभात वाढला आणि दोर आवरायला तो तंबूबाहेर गेला. काकांनी दोन घास घेतले, तोंड फिरवलं आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "संपव हे. नाहीतर हा मला घरी बसवेल."

"काका, पण त्याला सांगायला हवं…"

"यार प्रकाश, एक डोकेदुखी आहे. दोन वर्षं प्रॅक्टिस केलीय मी."

मी खाल्लं. आमच्या घरी पानात शीत टाकलं तर आई ते उचलून स्वतः खायची. अन्न टाकणं मला जमतच नाही. त्या वेळी मी मनाला हेच सांगितलं, की आपण अन्न वाया जाऊ देत नाही आहोत, एवढंच. पण पासांग आत आला, दोन्ही रिकाम्या ताटल्या त्याने पाहिल्या, आणि काकांना नाही, मला विचारलं, "काका ने पूरा खाया?" वडील माणसासमोर त्यांचं खोटं उघडं कसं पाडायचं? मी म्हणालो, "हां, पूरा." पासांग हसला. उतरताना काका मुलासारखे खूश होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू होतास म्हणून."

नेपाळमध्ये दुसऱ्या मुक्कामावर त्यांचं डोकं दुखू लागलं. सकाळी श्वास घेता येईना. पासांगने त्यांना पाठीवर घेतलं आणि पाच तास उतरत राहिला. खालच्या गावाच्या आधीच…

गेल्या आठवड्यात पासांगचं पत्र आलं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. काकूंनी मला वाचून दाखवलं. त्यात होतं: अमेरिकेत मी त्यांना पारखून घेतलं होतं, तरी माझी नजर चुकली. आता कुणाला वर न्यायची मला हिंमत होत नाही.

"बिचारा," काकू म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, ताटलीसकट. काकूंनी पत्राची घडी घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस. त्याला कोण सांगणार?"

त्यांनी मला काकांच्या खोलीत नेऊन टेबलाशी बसवलं. समोर भिंतीवर त्या शिखराचा नकाशा अजून आहे. त्यावर पेन्सिलीची रेघ, काकांच्या अक्षरात 'मुक्काम', 'मुक्काम', आणि माथ्यावर 'चहा'. मी हिंदीत लिहिलं: पासांगभाई, तुमची नजर चुकली नव्हती. तो भात मी खाल्ला होता आणि तुमच्याशी खोटं बोललो.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "त्यांनी खायला सांगितलं, ते कुठंय?"

"काकू, ते कसं लिहू? काका…"

"पुन्हा तेच करतोयस," त्या म्हणाल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही."

मी लिहिलं.