उठा आता

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. घरचे सत्यनारायणाला बसा म्हणाले की बसतो, ते शिऱ्यासाठी. माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनमध्ये गेली. कास्टिंग हातात आलं की मायक्रोमीटर लावायचा. माप ड्रॉइंगशी जुळलं तर पास, नाहीतर रिजेक्ट. 'बहुतेक बरोबर असेल' हा शेरा आमच्या खात्यात चालत नाही. या सदरातले अनुभवही मी तसेच वाचतो... इथे वारा असेल, इथे लिहिणाऱ्याची झोप झाली नसेल. स्वतःचा अनुभव लिहायला म्हणूनच एवढी वर्षं गेली. तो मला पासही करता येत नाही आणि रिजेक्टही.

गोष्ट २००४-०५च्या सुमाराची. राजारामपुरीत आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात माझ्या मेव्हण्याने, विलासने, सायबर कॅफे काढला होता. दिवसा पोरं फॉर्म भरायला, निकाल बघायला यायची, संध्याकाळी गेम. दुकानातले सगळे कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडलेले, त्यामुळे दुकानातलेच लोक एकाच लढाईत समोरासमोर यायचे. बाहेरच्या इंटरनेटशी त्या गेमचा काही संबंध नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, पुढे लागेल.

गेम दुसऱ्या महायुद्धाचा. एकदा कामावरून येताना विलासने मला दारातच अडवलं.

"दाजी, एक माणूस कमी पडतोय. बसा की."

"मला काय येतंय त्यातलं?"

"मरायला येतंय न्हवं? तेवढं पुरं हाय."

बसलो. आणि मग रोजच बसायला लागलो. चाळिशी ओलांडलेला, बीपीची गोळी घेणारा माणूस कॉलेजच्या पोरांत बसून बंदूक चालवतो, हे शोभत नव्हतं हे मलाही कळत होतं. बायको जिन्यातून हाक मारायची, "कोथिंबीर आणायला गेलेला माणूस कधी येणार, तेवढं त्या जर्मनांना विचारून सांगा."

पण त्या खेळात काहीतरी होतं. कामावर मी जवळ आलो की लोक गप्प व्हायचे, कारण माझं कामच चूक शोधायचं. इथे पोरं म्हणायची, "दाजी, पूल धरा." मी पूल धरला की बाकीचे पाठ फिरवून निर्धास्त पुढे जायचे. माझ्या भरवशावर. त्या रायफलमध्ये आठ गोळ्या बसायच्या आणि शेवटची सुटली की रिकामी क्लिप टणकन उडायची. मी माझ्या गोळ्या मोजायचो, तशा समोरच्याच्याही. त्याची क्लिप वाजली की उठायचं. पोरांना याचं फार कौतुक होतं. आणि मेलं तरी काय, थोड्या सेकंदांत माणूस मागच्या बाजूला पुन्हा उभा.

आमचा आवडता मॅप इटलीतल्या एका गावाचा होता. पडकी घरं, मधून कालवा, त्यावर दगडी पूल. त्या दिवशी मी पुलाच्या अलीकडे पडक्या भिंतीआड पालथा पडलो होतो. पलीकडे पुलाच्या तोंडाशी एक सैनिक उभा दिसला. आडोसा नाही, गोळी नाही, पुढे येणं नाही. नुसता उभा. इतक्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात, जिथे खेळणारे एकमेकांना मेसेज टाकतात तिथे, एक ओळ आली. पोरं सगळी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, तशीच. यू टी ए, ए ए टी ए.

मी वाचलं, 'उठा आता'. मी पडलेलोच होतो, म्हटलं आपल्यालाच सांगतायत. उठलो. तिसऱ्याच एका खिडकीतून गोळी आली आणि मेलो.

"उठा आता म्हणून कुणी टाकलं रे?" मी ओरडलो. कुणीच नाही. ओळीआधी खेळणाऱ्याचं नाव येतं, तेही नव्हतं. "दाजी, तुमाला डुलकी लागली आसंल," विलास म्हणाला, "म्हणून देवानंच उठीवलं." दुकान हसलं. मीही हसलो.

जेवताना घरी हा किस्सा सांगितला. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आमच्याकडेच असायचे. वय ऐंशीच्या पुढे. गाव गडहिंग्लजजवळ. मिसरूड फुटायच्या वयात मिलिट्रीत गेले होते आणि मोठ्या लढाईत इटलीला होते, एवढंच आम्हाला माहीत. ते त्यावर कधी बोलत नसत. एक सवय मात्र होती. ते एकटे कधी जेवले नाहीत. समोर कुणीतरी ताट घेऊन बसल्याशिवाय ते भाकरी मोडत नसत.

माझं सांगून झालं तरी आबा हसले नाहीत. "कसं लिवलंतं?" म्हणाले. मी अक्षरं सांगितली.

"उठा न्हवं ते," आबा म्हणाले. "ऊटा. ऊटा आता. कानडी हाय. जेवान झालं का, आसं इचारतंय." मग म्हणाले, "पुलाच्या पल्याड हुता न्हवं?"

पुलाचं मी जेवताना काही बोललो नव्हतो. मॅप इटलीचा आहे, हेही नाही. नुसता गोळी लागल्याचा किस्सा सांगितला होता.

त्या रात्री आबा पहिल्यांदा बोलले. त्यांच्याबरोबर बसाप्पा नावाचा एक जण होता. नदीपलीकडच्या गावचा, लिंगायत, घरात कानडी बोलणारा. "डब्यातलं मटान खाईत न्हवता. मग माजी बिस्कुटं त्याला, त्याचं मटान मला. बसू आल्याबिगार मी खाईत न्हवतो." पुढे टेहळणीला गेलेला माणूस अंधारात परत येताना आपल्याच लोकांची गोळी लागायची भीती. म्हणून दोघांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. लांबूनच विचारायचं, ऊटा आता?

"बरोबर जबाब आला तर यायचं," आबा म्हणाले. "न्हाय आला तर हाय त्या जाग्यावर थांबायचं. चुकीचा आला तर समजायचं, हितं आता आपला मानूस न्हाय. पळायचं."

"मग?"

"त्या राती सायबानं तोंड उघडायचं न्हाय म्हणून सांगितलंतं. शत्रू जवळ हुता. बसाप्पानं पुलावरनं हाक दिली. दोनदा. मी गप बसलो."

"आणि तो?"

आबांनी ताट बाजूला सारलं. "थांबला आसंल," म्हणाले.

जबाब काय होता, असं मी विचारलं. ते सांगायचं नसतं, म्हणाले.

"आबा, साठ वर्षं झाली त्याला."

"मग? मोडलं व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट चढवला. मी येतो, मीच त्याला जबाब देतो, म्हणाले. मी समजावलं की हा खेळ आहे, कुणा पोराने गंमत केली असेल. ऐकेनात. त्यांना धरून जिना उतरवला. पोरांनी उठून खुर्ची दिली. काठी दोन्ही गुडघ्यांत धरून आबा माझ्याशेजारी बसले. आठवडाभर रोज संध्याकाळी बसले. "त्या खिडकीत उभा ऱ्हाऊ नगोस, बाहेरनं दिसतोस," असं मधूनच सांगायचे, आणि ते बरोबर असायचं. एकदा मी मेलो आणि पुन्हा उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझा दंड धरला.

"मेल्यावर परत येतंय व्हय रे?"

"येतंय आबा. थोड्या सेकंदांनी."

"बरं हाय," म्हणाले आणि पुन्हा पुलाकडे बघत बसले.

ती ओळ काही आली नाही. आठवड्यानंतर एका सकाळी आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांना सगळं समजतंय पण बोलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मनात म्हटलं, चला, तो विषय संपला.

महिना-दीड महिना गेला असेल. परीक्षा होत्या, दुकानात गर्दी नव्हती. आम्ही चौघेच खेळत होतो. विलास माझ्या पाठीशी चहा घेऊन उभा होता. मी पुलाशी आलो आणि पलीकडे तो उभा. तसाच. कोपऱ्यात तीच ओळ आली.

मी कीबोर्डवरून हात काढले. "विलास, वाच." त्याने मोठ्याने वाचलं. मी खेळणाऱ्यांची यादी उघडली. चार नावं. चौघे दुकानात माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्यांचे चार सैनिक मॅपवर पुलाच्या अलीकडे... माझा धरून. पुलावरचा पाचवा. विलास बाकीच्या मशिनी बघून आला. सगळ्या बंद.

"दाजी, ही चेष्टा न्हाय," तो हळू म्हणाला. "आयशप्पत."

मी जिना चढून वर पळालो. बायको आबांना पेज भरवत होती. मी खाली वाकलो.

"आबा, तो आलाय. पुलावर उभा आहे. जबाब काय देऊ?"

आबांचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं. घशातून आवाज आला, पण शब्द नाही. पुन्हा. पुन्हा तसंच. डाव्या हाताने त्यांनी माझा शर्ट धरला आणि ओढला.

"जेवलो म्हणू? होय म्हणू? नाही म्हणू?"

मान हलत होती, पण ती कशाला हलत होती हे कळेना. बायको म्हणाली, "अहो, सोडा त्यांना, धाप लागलीय." मी त्यांची बोटं सोडवली आणि खाली आलो.

तो अजून तिथेच होता. वर कोपऱ्यात डावाची उरलेली वेळ उलटी चालली होती. ऊटा आता? जेवण झालं का? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर माणूस विचार न करता देतो, झालं की, तुमचं? बोटं तेच टाइप करायला निघाली होती. पण चुकीचा जबाब आला तर पळायचं, हे ठरलं होतं.

"टाका की काय तर, दाजी," विलास म्हणाला.

मला काही टाकता आलं नाही. वेळ संपली, मॅप बदलला.

वर जाऊन मी आबांना सांगितलं, "गेला नाही, आबा. थांबलाय." त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी तोंड मिटलं. बायको चमचा पुढे करायची, "आबा, एवढा एकच, माझ्यासाठी." ते ओठ घट्ट धरायचे. अशा आजारात गिळण्यावर परिणाम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. असेल. पण पाणी ते घ्यायचे, एकदाही ठसका न लागता. ते मी स्वतः पाजून पाहिलं. नाकातून नळी घातली, ती त्यांनी डाव्या हाताने काढली.

शेवटी मीच विचारलं, "आबा, जेवलो नाही... हाच जबाब आहे का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. तो होकार होता की थकवा, हे मी सांगू शकत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

आमच्या खात्यात निपाणीकडचा एक सहकारी होता. 'अजून नाही, ये' हे कानडीत कसं म्हणतात ते मी त्याला विचारून घेतलं. इन्नू इल्ल, बा. पुढे बरेच महिने संध्याकाळी त्या मॅपवर बसलो. खेळायचो नाही, पुलाशी थांबायचो. कुणी आलं नाही. मग घरोघरी इंटरनेट आलं, विलासचं गिऱ्हाईक तुटलं आणि त्याने मशिनी विकायला काढल्या. शेवटच्या दिवशी एक मशीन मी चालू ठेवायला लावलं. मॅप लावला, एकटाच पुलाशी गेलो आणि ते तीन शब्द टाकले. वेळ संपेपर्यंत बसून राहिलो.

"आला काय हो?" वायरी गुंडाळता गुंडाळता विलासने विचारलं.

काय सांगणार? एखाद्या पोराने केलं, मशीन बिघडलं, आबांनी पूल अंदाजाने सांगितला... हे सगळं मी लावून बघितलंय, एकही माप पूर्ण बसत नाही. आणि मी टाकलेला जबाब तपासायला आता कुणी उरलेलं नाही. बरोबर असेल तर बसाप्पा पूल ओलांडून आला असेल. चुकीचा असेल तर साठ वर्षं जागेवर थांबलेल्या माणसाला मी पळवून लावलं. स्क्रीनवर दोन्हीत काही फरक दिसत नव्हता. पूल रिकामा होता.