गरम पाण्याची बाई

ती जिना चढायला लागली की आधी तिची पिशवी ऐकू यायची. पाने, पकडी, टेस्टर एकमेकांवर आपटत वर यायचे आणि त्यांच्यामागून ती. दाराच्या चौकटीला टेकून ती दम घ्यायची, आणि पुरता दम घेऊन व्हायच्या आत बोलायला सुरुवात करायची. आमच्या इमारतीत तिचं नाव कुणी कधी विचारलं नाही. लहानथोर सगळे तिला गरम पाण्याची बाई म्हणायचे.

तिचं अर्धं आयुष्य गिझर दुरुस्त करण्यात गेलं होतं. जळलेली कॉइल बदलायची, टाकीच्या आत साचलेला क्षार खरवडून काढायचा, झाकण लावायचं आणि निघताना टाकीवर दोन चापट्या मारायच्या, बाळाच्या पाठीवर माराव्यात तशा. मग बाजार बदलला. पूर्वी लोक गिझर किती लिटरचा एवढंच विचारायचे. आता त्याला तारे किती ते विचारायला लागले. कुणी गच्चीवर सोलर बसवला, कुणी गॅसवरचा घेतला. आणि मग आला हीट पंप, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा. विजेचं बिल निम्म्याच्या खाली आणतो म्हणे. ती त्याला पंखेवाली टाकी म्हणायची. जुन्या गिझरचे सुटे भाग मिळेनासे झाले. ती ज्या दुकानात कामाला होती, तिथल्या मालकाने दुरुस्तीचं टेबल काढून त्या जागी काचेचं कपाट ठेवलं आणि हिला सांगितलं, "बाई, आता उघडायचं नाही. विकायचं."

"मला हाताने काम येतं. तोंडाने नाही."

"तोंड काय कमी चालतं का तुमचं?"

तेव्हापासून ती दारोदार फिरायला लागली. मालकाने तिला एक वाक्यही पाठ करून दिलं होतं. कुणाचाही गिझर दिसला की मान हलवायची आणि म्हणायचं, हा बॉम्ब आहे, डोक्यावर टांगलेला. ते वाक्य तिने बरेच दिवस पिशवीच्या तळाशीच ठेवलं. पण महिना कोरडा गेला, आणि मालक म्हणाला, या इमारतीत एक तरी टाकी विका, नाहीतर घरी बसा. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. घरात कमावणारी ती एकटी.

ते वाक्य बाहेर आलं तिसऱ्या मजल्यावर, टेलरकाकूंच्या घरात. काकूंनीच आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून सगळा प्रसंग करून दाखवला.

"वर बघते काय, मान हलवते काय. मला म्हणते, 'ताई, हा टपकतोय.' मी म्हटलं, टपकतो हो, कधीचाच टपकतो. तर म्हणते, 'टपकतोय म्हणजे आतून गेलाय. बॉम्ब आहे हा, डोक्यावर टांगलेला. कधीही फुटेल.' संध्याकाळीच नव्या टाकीचे आगाऊ पैसे देऊन टाकले."

आजोबा टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची नीट घडी घातली, आमच्या बाथरूममध्ये गेले, टाकीखाली तळहात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि बाहेर येऊन तो कोरडा तळहात सगळ्यांसमोर फिरवला.

"थेंब नाही. आपली टाकी सोन्याची आहे."

पुढच्याच रविवारी ती आमच्याकडे आली.

"वहिनी, घरातलं सगळं बंद करा," ती आईला म्हणाली. "फ्रिजसुद्धा. आधी मीटर शांत होऊ दे. मग नुसता गिझर लावू. तो किती खातो ते तुमचं तुम्हालाच दिसेल." हा तिचा नेहमीचा प्रयोग होता. दाराशेजारच्या मीटरसमोर ती सगळ्यांना उभं करायची.

आईने एकेक बटण बंद केलं. पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला. मीटरवरचा लाल ठिपका मात्र लुकलुकतच राहिला, धावत आल्यासारखा, न थांबता.

"काहीतरी चालू राहिलंय."

"काही नाही राहिलं," आई म्हणाली.

"गिझर?"

आई जरा घुटमळली. "गिझरचं बटण जळलंय. वायरमनने डायरेक्ट जोडून दिला. पाणी तापलं की आपला आपण बंद होतो ना तो."

"व्हायला हवा."

"मीटर बिघडलाय," आजोबा पेपरामागून म्हणाले. "बिलं बघा ना, कशी येतात."

बाईने हात वर करून त्यांना थांबवलं. ती काहीतरी ऐकत होती. मग मलाही ऐकू आलं. पंखे चालू असताना कधी जाणवला नसता असा आवाज, भिंतीच्या आत कुणीतरी जड खोकी सरकवत असल्यासारखा.

ती बाथरूमच्या दारापर्यंत गेली. टाकीच्या पोटावर छोटी तबकडी होती. तिचा काटा लाल पट्टी ओलांडून पार टोकाला टेकला होता.

"तो कधीचाच अडकलाय," आजोबा म्हणाले.

"कालपासून पाणी मात्र फार कडक येतंय," आई म्हणाली. "काल हात पोळला माझा."

"आज अंघोळ कुणी केली?"

"अजून कुणीच नाही. रविवार आहे."

बाईने बॅटरी लावली आणि खाली वाकून टाकीच्या बुडाकडे पाहिलं. तिथे पितळेचा व्हॉल्व्ह होता. त्याच्या तोंडात पांढरी टेप गुंडाळलेला एक जाडजूड बोल्ट गच्च पिळून बसवला होता.

"हे कुणी केलं?"

"मी," आजोबा म्हणाले. "म्हणजे करून घेतलं. रात्रंदिवस टपटप, टपटप. वायरमनला म्हटलं, हिचं तोंड बंद कर बाबा. त्याने एका बोल्टात काम संपवलं. तेव्हापासून घरात शांतता आहे."

बाई मागे सरकली. पाय वाजू न देता सरकली, झोपलेल्या कुत्र्यापासून माणूस सरकतो तशी. बोलली तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाटलं, ही दुसरीच कुणी आहे.

"सगळे खाली चला. जिन्यात नाही, अंगणात. आत्ता."

आजोबा हसले. "आला. बॉम्ब आला."

"काका, आत दाब वाढला की पाणी त्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तो टपकायलाच हवा. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंय, आणि आपोआप बंद न होता टाकी रात्रभर तापतेच आहे."

"थांबा, थांबा." आजोबांनी चष्मा काढला. त्यांना मजा यायला लागली होती. "तिसऱ्या मजल्यावर काय सांगितलंत? टपकतोय, म्हणून फुटेल. आणि आमच्याकडे? टपकत नाही, म्हणून फुटेल. टपकला तरी तुमची टाकी घ्या, नाही टपकला तरी तुमचीच घ्या. वा."

बाईने हातातली बॅटरी विझवली.

"काय हो? उत्तर नाही?"

"उत्तर आहे."

"मग द्या की."

तिची नजर जिन्याकडे गेली, वर तिसऱ्या मजल्याकडे. आजोबांनी दोरीवरचा टॉवेल ओढला, खांद्यावर टाकला आणि तिच्या अंगावरून बाथरूममध्ये शिरले. "मी अंघोळीला चाललो. फुटली तर हाक मारतो." आणि दिवा लावून आतून कडी घातली.

बाई दाराकडे नाही, मीटरकडे धावली. तिने मेन स्विच खाली ओढला. लाल ठिपका विझला. बाथरूममधलाही दिवा गेला असणार, कारण आतून आवाज आला, "वीज घालवलीत? हरकत नाही. अंघोळीला मला उजेड लागत नाही."

भिंतीतली खोकी सरकतच होती.

"बंद केली ना वीज?" आई म्हणाली. "मग झालं ना आता?"

"आतलं पाणी लगेच निवत नाही, वहिनी. तुम्ही पोरीला घेऊन खाली जा."

"बाबांना सोडून?"

आम्ही दोघीही हललो नाही. आत बादली फरशीवरून घासत नळाखाली गेली. तो आवाज ऐकून बाईने दोन्ही हात दारावर टेकले.

"काका, नळाला हात लावू नका. पाणी उकळीच्या पलीकडे गेलंय. नळ सोडलात की पाणी नाही, वाफ येईल, थेट तोंडावर. आत पळायलाही जागा नाही."

"ही ओळ नवीन दिसते. मालकाने शिकवली?"

"नाही."

"मग कुणी?"

"बाबा, बाहेर या हो," आई म्हणाली.

"सूनबाई, तुम्हीपण? टेलरबाई घाबरल्या आणि फसल्या. मी घाबरत नाही."

उघड्या दारातून नेमक्या त्याच वेळी टेलरकाकू आत आल्या, गळ्यात मोजमापाची टेप, दातांत टाचणी. "बाई, तुमची पिशवी ऐकली म्हणून आले. माझी टाकी कधी येणार? आणि अंधार का केलाय इथे?"

आईने ओठांवर बोट ठेवलं. बाई मान वळवून काकूंकडे बघत राहिली. नाटकात रंगमंचामागच्या अंधारात उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत, पुढच्या पावलाला उजेड आहे हे माहीत असलेली आणि तरी पाय न उचलणारी. तशी ती क्षणभर दिसली. मग तिने तोंड पुन्हा दाराकडे केलं आणि मोठ्याने बोलली, पुढे आणि मागे दोन्हीकडे जाईल असं.

"काका, टेलरताईंचा गिझर चांगला आहे."

आत बादली थांबली.

"ऐकताय ना? चांगला आहे तो. टपकतो, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह जिवंत आहे. अजून कितीतरी वर्षं चालेल. मी त्यांना खोटं सांगितलं. मला एक टाकी विकायची होती, नाहीतर काम जाणार होतं. ताई माझ्या मागे उभ्या आहेत. त्यांनी आत्ता ऐकलं. आता त्या घेणार नाहीत, आणि मालक मला ठेवणार नाही. मला तुम्हाला विकायला काही उरलंच नाही, काका. तुम्ही टाकी कुणाचीही घ्या, नाहीतर घेऊच नका. फक्त नळ सोडू नका. कडी काढा."

टाकी तेवढी बोलत होती.

मग आतून आजोबांचा आवाज आला. त्यातली मजा गेली होती. "टेलरबाई, तुम्ही खरंच आहात तिथे?"

काकूंनी टाचणी दातांतून काढली. "आहे."

"ऐकलंत?"

"ऐकलं. तुम्ही आधी बाहेर या. हिच्याकडे मी नंतर बघते."

कडी निघाली.

आम्ही पाचही जण अंगणात गेलो. आजोबा बनियनवर, कमरेला टॉवेल, सायकलींच्या रांगेशेजारी ताठ उभे. येणारेजाणारे बघत होते. बाईने वरच्या दोन्ही घरांची दारं वाजवून त्यांनाही खाली आणलं. कुणी काय झालं विचारलं की आजोबा म्हणायचे, "हिला विचारा," आणि ती एकदाच सांगायची, न रंगवता. टेलरकाकू टेप बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. त्या बाईकडे एकदाही बघत नव्हत्या.

ऊन सरकलं. काही फुटलं नाही.

"काहीच झालं नाही," आजोबा म्हणाले.

"होऊ नये म्हणूनच आलो ना खाली."

"मग होणार होतं, हे मी कशावरून समजायचं?"

पुष्कळ वेळ गेल्यावर बाई एकटीच वर गेली, खाली आली, पुन्हा थांबली. मग म्हणाली, "निवली. चला काका."

तिने स्टुलावर चढून टाकीचं खालचं पत्र्याचं आवरण काढलं. आतल्या टाकीचं बूड उघडं पडलं.

"हे बूड आत दबलेलं असतं, बाटलीचं असतं तसं. हात लावून बघा."

आजोबांनी हात वर केला. तोच तळहात. बूड बाहेर आलं होतं, चपाती फुगावी तसं गोल, आणि कडेचा सांधा एका बाजूला केसाएवढा उकलला होता. त्यांनी त्या फुगवट्यावरून हात फिरवला, सांध्याशी आणून थांबवला, आणि तसेच उभे राहिले.

"आता मी काय घेऊ?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आज काहीच नको. पातेल्यात पाणी तापवा. आणि मला विचारू नका."

"मग कुणाला विचारू? माझ्या माहितीत खोटं कबूल करणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात."

"ती पंखेवाली टाकी कशी आहे?" आईने विचारलं.

बाई आमच्या बाल्कनीकडे वळली. बाल्कनीला आम्ही काचा लावून खोली केली होती. "चांगली आहे. पण तिला मोकळी हवा लागते. इथे कोंडलीत तर स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढत बसेल. तुमच्याकडे नाही चालणार. साधाच गिझर घ्या, बटण नीट लावून घ्या, आणि व्हॉल्व्हला कुणाला हात लावू देऊ नका."

जिन्यात उभं राहून तिने मालकाला फोन केला. आम्हाला तिचीच बाजू ऐकू आली. "रद्द झाली. हो, तिसऱ्या मजल्यावरची. नाही, ग्राहकाने नाही, मी केली. आगाऊ पैसे परत द्यावे लागतील. हो. बसते घरी."

फोन ठेवून ती वळली तर समोर टेलरकाकू.

"झोप लागली नव्हती मला त्या रात्री," काकू म्हणाल्या.

"माहितेय."

"काही माहीत नाही तुम्हाला. चला वर. त्या टपटपीला एक नळी लावून द्या, थेट मोरीत सोडा. पैसे मिळणार नाहीत."

"लावते," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. पाने एकमेकांवर आपटत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले.

ती फार दिवस घरी बसली नाही. आता ती काहीच विकत नाही. लोकांच्या टाक्या तपासून देते, आणि नवीन काय घ्यावं असं कुणी विचारलं की आधी बाल्कनी बघते, गच्ची बघते, घरात माणसं किती ते विचारते. दुकानात असताना मिळायचे त्याहून कमी पैसे मिळतात. टेलरकाकू तिच्याशी बोलतात, पण तिने सांगितलेलं सगळं दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतात, आणि तिला ते माहीत आहे.

आमच्याकडे साधा गिझर आला. सकाळी बटण लावलं की थोड्या वेळाने बाथरूममधून थेंबाचा आवाज यायला लागतो. यायला उशीर झाला तर आजोबा पेपराची घडी घालून उठतात, टाकीखाली तळहात धरून उभे राहतात, आणि तो ओला तळहात आईला दाखवूनच परत पेपराकडे येतात.